टकलापायी कोणी मरत नाही

"मुलगा म्हणजे भाऊ, नुसता हिरा!"

हे म्हणायच्या आधी आबा डोक्यावरची पांढरी टोपी दोन्ही हातांनी सरळ करत. टोपी सरळ झाली की आता येणारं वाक्य वाकडं आहे, हे मी लवकरच ओळखायला शिकलो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक गावात एखादा असतोच. नसता तर गावातली निम्मी लग्नं झाली नसती, आणि उरलेली निम्मी सुखाने झाली असती.

जळगावात माझी छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दशक्रियेची पत्रं, थोडक्यात माणसाच्या आयुष्यातले सगळे खर्चाचे प्रसंग आम्ही छापतो. हल्ली पत्रिका मोबाईलवरच फिरतात. पण लग्नाचा बायोडेटा मात्र लोकांना अजून कागदावर लागतो. खोटं कागदावर असलं की जरा भारदस्त दिसतं.

आबा सोयरिकी जुळवत. मूळचे भडगावचे, आता राहायला जळगावात, पण पायाला भिंगरी. आज असोदा, उद्या पहूर, परवा धुळं. मोबदला म्हणून मानाची टोपी, उपरणं आणि पहिल्या पंगतीत बसायचा हक्क, एवढंच घेत. बाकी वेळ माझ्या प्रेसमध्ये खुर्ची अडवून बसत आणि मुलांचे बायोडेटा मला तोंडी सांगत.

"लिहा. वर्ण निमगोरा."

निमगोरा हा रंग जगात कुठेच नाही, तो फक्त मराठी बायोडेटात सापडतो. तोतरा मुलगा आबांच्या हातून 'मितभाषी' होऊन बाहेर पडे. ज्याची नोकरी कुठेच टिकत नसे तो 'स्वतंत्र विचारांचा'. कोरडवाहू शेत 'पाण्याची सोय होण्यासारखं'. यात खोटं ते काय? ढगात पाणी असतंच.

एकदा टक्कल पडलेल्या एका मुलाला त्यांनी टोपी घालून फोटो काढायला लावला आणि छंद म्हणून 'क्रिकेट' लिहिलं. लग्न झालं. महिन्याभराने धुळ्याहून मुलीचे वडील प्रेसमध्ये हजर. त्यांचं तिकडे औषधांचं दुकान. टकलाबद्दल ते फारसं बोलले नाहीत, कारण तेही त्याच पक्षाचे. त्यांचा मुद्दा वेगळा होता.

"आबा, तुम्ही म्हणाला होतात मुलगा औषधांच्या लाईनमध्ये आहे!"

"आहे की."

"कुठे? घरी झोपून असतो तो!"

आबांनी टोपी सरळ केली. "तुमचं धुळ्याला मेडिकल स्टोअर आहे ना? मग लाईन तुम्हीच दाखवायची. मुलगी दिलीत, गल्ला पण द्या."

तो जावई त्या दुकानात बसला तो कायमचाच. आणि गंमत म्हणजे चांगला निघाला. आबांच्या बऱ्याच खोट्याचं असं व्हायचं. लोक लाजेने का होईना, बायोडेटाला जागायचे.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. खोटं बोलताना आबा अगदी शाळामास्तरासारखं शुद्ध मराठी बोलत. खरं बोलायची वेळ आली की जीभ घसरून थेट अहिराणीवर जाई. त्यामुळे त्यांची अहिराणी मला फारशी ऐकायला मिळत नसे.

अक्का म्हणजे त्यांची बायको. मुलगी पाहायला जाताना आबा त्यांना बरोबर नेत. आबा बाहेर पुरुषांना थापा मारत, अक्का आत बायकांकडून खरं काढून आणत, असा दोघांचा संसार. अक्कांना साखरेचा आजार. कुठेही गेलं तरी "माले गोड नको" म्हणून बशी सरकवत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा आख्खा खानदेश खापरावरच्या पुरणपोळ्यांवर तुटून पडतो, तेव्हाही त्या भाकरी मोडून बसत. दर वर्षी आबा त्यांना डॉक्टरकडे नेऊन रक्त तपासून आणत. एकुलता एक मुलगा होता, तो ऐन तिशीत गेला होता. पिण्याने गेला, असं लोक म्हणत. मी कधी विचारलं नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या दुःखाची चौकशी न करणं हे सभ्यपणाचं लक्षण मानतात, आणि त्याचा निकाल परस्पर लावून टाकणं हेही.

तर एके दिवशी असोद्याचे नाना आले. केळीचे बागायतदार, आबांचे जुने परिचित. मुलगी कीर्ती, फार्मसी शिकलेली, जळगावात नोकरीला. बायोडेटा करायचा होता. आबांनी खुर्ची सावरली. मुलगी खरोखरच चांगली असल्यामुळे त्यांना काय खोटं सांगावं ते सुचेना.

सगळं लिहून झाल्यावर नाना हळूच म्हणाले, "आबा, एक हाये. पन ते लिहायचं नही. तुम्हाले म्हनून सांगतो."

कॉलेजात रक्तदानाचं शिबिर झालं होतं. कीर्तीने रक्त दिलं आणि काही दिवसांनी तिला बोलावणं आलं. तिच्या रक्तात कावीळ ब निघाली, डॉक्टरांच्या भाषेत हिपॅटायटिस बी. मग घरच्यांची तपासणी झाली. नाना आणि कीर्तीचा भाऊ सुटले. कीर्तीच्या आईच्या रक्तात तेच निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, आईकडून मुलीला आलं, जन्मतानाच. दोघींना त्रास काही नाही. वेळोवेळी तपासत राहायचं, गरज पडली तर गोळ्या.

"पोरगी ठणठणीत हाये," नाना म्हणाले. "कायले सांगायचं कोनाले?"

मी आबांकडे पाहिलं. आता टोपी सरळ होणार आणि 'प्रकृती उत्तम, योगासनांची आवड' असं काहीतरी येणार, म्हणून मी बोटं कीबोर्डवर ठेवली. आबांचे हात मांडीवरच राहिले.

"हाई सांगनं पडी, नाना."

नाना उसळले. "कोन म्हनू राह्यलं हे? तुम्ही टकल्याले केस लावून दिले, आन माह्या पोरीच्या टायमाले हरिश्चंद्र व्हऊ राह्यले?"

"टक्कलमुये कोन्ही मरत नही," आबा म्हणाले.

नाना बायोडेटा तसाच टाकून निघून गेले. जाताना जे बोलले ते मी कुठल्याही पत्रिकेत छापणार नाही.

मग आबांनी त्यांच्या मुलाचं सांगितलं.

मुलगा भडगावला घरीच जन्मला. दाई चांगली, बाळ गुटगुटीत, सगळं छान. तीस वर्षं त्याला साधी कावीळही दिसली नाही. मग पोट फुगायला लागलं. नाशिकपर्यंत नेलं, तोवर लिव्हर गेलं होतं. ज्याने जन्मात सोड्याची बाटली उघडली नाही, त्याला गावाने दारुडा ठरवलं. तिरडी उचलताना शेजारी म्हणाला, संगत वाईट. संगत कोणाची, तर याची संध्याकाळ भजनी मंडळात जायची.

नाशिकच्या डॉक्टरांनी आईचं रक्त तपासायला सांगितलं. आबांनी अक्कांना "साखर तपासायची" म्हणून नेलं. निकाल आला. मुलाला होती ती कावीळ ब आईकडून आली होती.

"मग अक्कांना काय सांगितलंत?"

"सांगं, तुले साखर शे." मग थोड्या वेळाने, "अन पोरले सुईतून हुयनं सांगं. गावना कंपाउंडरनी सुई. जुनी, न उकळेल."

आबांचं आजवरचं सगळ्यात मोठं खोटं हे. बाकीची खोटी ते लग्न जुळवायला बोलले, हे एक टिकवायला. ते त्यांनी अहिराणीत सांगितलं असणार, म्हणूनच अक्कांना खरं वाटलं. त्यांनी इतकी वर्षं गोड सोडलं, त्या कंपाउंडरला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि दर वर्षी साखरेच्या नावाखाली त्यांचं लिव्हर तपासलं गेलं. या योजनेत अडचण एकच होती. अक्कांना कोणी काही विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी कीर्ती स्वतः प्रेसमध्ये आली. सरळ आबांसमोर बसली.

"आबा, बाबांनी पहूरचं स्थळ ठरवलंय. रविवारी पाहायला येतायत. बाबा म्हणतात बोलायचं नाही. मी बोलणार आहे, मुलाशीच. पण माझ्या सांगण्याने घरात काय होईल माहीत नाही. तुम्ही याल का?"

"लपवलं तर तुझंच लवकर जमेल," आबा म्हणाले. बहुधा तिची परीक्षा घेत होते.

"जमेल. मग बाळंतपणात डॉक्टरांपासूनही लपवायचं का? बाळाला पहिल्याच दिवशी लस द्यावी लागते. ती सासूच्या चोरून कशी देऊ?"

नानांचा राग एव्हाना निवळला होता, कारण मध्यस्थाशिवाय पाहुण्यांसमोर बसायचं म्हणजे पंचाईत. रविवारी आबा, अक्का आणि मी असोद्याला निघालो. गाडी माझी, म्हणून मी. अशा प्रसंगात गाडीवाल्या मित्राला फार मान असतो. पोहे संपेपर्यंत.

मुलगा प्रशांत. पहूरला त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. बरोबर आई, मामा आणि मामांचं घड्याळ. मामा दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे पाहून आपण फार कामाचे आहोत हे दाखवत होते. पोहे आले, शेव आली. केळीच्या भावावर चर्चा झाली. मग मुलामुलीला गच्चीवर बोलायला पाठवलं.

थोड्या वेळात दोघं खाली आले. मुलाचा चेहरा भिंतीसारखा.

"आई, तिला कावीळ ब आहे. तिनेच सांगितलं."

मामा उठले. नाना खाली पाहू लागले. मुलाची आई पदर सावरत म्हणाली, "म्हंजे फसवायचं व्हतं आम्हाले! आता काय हिचं ताट येगळं ठेवायचं? आन उद्या लेकरू झालं तं?"

आत स्वयंपाकघराच्या दारात बायका उभ्या होत्या, आणि सगळ्यात पुढे अक्का. मी आबांकडे पाहिलं. त्यांनीही आधी अक्कांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"फसवायचं असतं तर पोरगी बोललीच नसती," आबा म्हणाले. सुरुवात शुद्ध मराठीत झाली होती. पुढचं वाक्य लगेच घसरलं. "लेकरूनं काय व्हई ते मी सांगस. मना आंडोर, मना पोर, यानाच मुये गया. दारूमुये नही. त्यानी कव्हयच पिदी नही. त्याले हाई मायपाईन उनं, जनम व्हयना तव्हय. मायले माहीत नही, माले माहीत नही. माहीत ऱ्हातं ते पहिला दिन सुई देतात, अन तो आज जिवत ऱ्हाता. इले माहीत शे. इनं लेकरू वाची."

मामासुद्धा घड्याळ विसरले.

अक्का दारातून पुढे आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. मुलाच्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "बहिन, माले कोन्ही सांगं नही. मना पोर गया तरी कोन्ही सांगं नही. इनी सोता सांगं, लगीनना पहिले. तू नशीबवान शे."

एवढं बोलून त्या अंगणात जाऊन गाडीत बसल्या.

पाहुणे निघून गेले. चहा तसाच राहिला. शेव मात्र संपली होती. माणसाचा संताप आणि शेव यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

परतीच्या वाटेवर असोद्याची हद्द ओलांडली. मग मागून अक्का म्हणाल्या, "सुई म्हने!"

आबा खिडकीबाहेर बघत होते.

"त्या कंपाउंडरले मी कितल्या शिव्या दिन्यात. त्याना पोरना लगनलेबी गऊ नही." मग एकदम, "म्हंजे माले साखर नही?"

"नही."

"कव्हयच नव्हती?"

"नही."

"इतल्या आखाज्या मी पुरनपोई सोडी!"

मला हसू आलं आणि ते मी कसंबसं गिळलं. आरशात पाहिलं तर अक्का रडत होत्या. पुरणपोळीसाठी कोणी असं रडत नाही.

"पहिले माले सांगानं व्हतं," त्या म्हणाल्या. "मंग दुनियाले. चार मानससमा कयनं माले, मना पोर कसा गया ते."

खरं बोलल्याचं बक्षीस लगेच मिळतं असं जे सांगतात, त्यांनी त्या गाडीत बसायला हवं होतं.

अक्का आबांशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. आबा दुपारचं जेवण माझ्या डब्यात जेवू लागले आणि माझ्या बायकोच्या भाजीला नावं ठेवू लागले. मधल्या काळात अक्का एकट्या एसटीने भडगावला जाऊन आल्या. कंपाउंडर म्हातारा, कानाने कमी झालेला. अक्कांनी नारळ त्याच्यापुढे ठेवला आणि माफी मागितली. त्याला काही ऐकू आलं नाही. त्याने नारळ हातात घेऊन विचारलं, "कोन्हं लगीन शे?" अक्कांनी हे येऊन प्रथम मला सांगितलं, आबांना नाही. पण आबा शेजारच्याच खुर्चीत बसलेले आहेत हे पाहून सांगितलं. त्यावरून मी ओळखलं की दिवस पालटले.

आणि प्रशांत आला. एकटाच, मोटारसायकलवर, शर्टावर महामार्गाची सगळी धूळ घेऊन.

"आबा आहेत का? मी डॉक्टरांना विचारून आलो," तो म्हणाला. "एकत्र जेवल्याने, एका भांड्यात प्यायल्याने होत नाही म्हणाले. मी लस घ्यायची. पहिली घेतली, अजून दोन आहेत. मूल होईल तेव्हा बाळाला जन्मल्या दिवशी लस आणि आणखी एक इंजेक्शन. तोवर कीर्तीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवायचं." मग जरा घुटमळून, "लसी पूर्ण होईपर्यंत तिच्या घरचे थांबतील का?"

आबा खुर्चीतून उठले. मग मला म्हणाले, गाडी काढा.

असोद्याला नानांसमोर आबांनी त्या मुलाची जी शिफारस केली, तशी त्यांनी आयुष्यात कोणाची केली नव्हती. "पोऱ्या बुटका शे. दुकान धाकलं शे. माय तिखट शे. पन देनी व्हई ते यालेच द्या."

पत्रिका मी छापली. कागद जरा जाडच वापरला.

सासूबाईंनी सुरुवातीला ताट वेगळं ठेवलंच. दुसऱ्या दिवसापासून प्रशांत कीर्तीच्या ताटात जेवायला बसू लागला. आता मुलाचंही ताट वेगळं ठेवायचं म्हणजे स्वतः एकटीने वेगळं जेवायचं. सासूबाईंनी आठवडाभर ते करून पाहिलं. एकटीने जेवताना सुनेला टोमणे मारता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी सगळी ताटं एकत्र केली.

कीर्तीला दिवस गेले. डॉक्टरांनी तिच्या रक्तातलं विषाणूंचं प्रमाण पाहिलं, शेवटच्या महिन्यांत रोजची एक गोळी सुरू केली. जळगावच्या दवाखान्यात नाव घातलं. आबा जणू स्वतःच बाळंत होणार असल्यासारखे वागत होते. प्रेसमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला "दोन सुया, दोन" असं बोटांनी दाखवत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला कसला तरी विजय मिळाला.

आणि मूल आलं तारखेच्या आधी. सकाळीच कळा सुरू झाल्या. लस दवाखान्याच्या फ्रिजमध्ये होती. दुसरं इंजेक्शन, ज्यातून बाळाला तयार संरक्षण मिळतं, ते मागवलेलं होतं. पण यायचं पुढच्या आठवड्यात. शहरातल्या दुकानांत फोन केले. कोणाकडे संपलेलं, कोणाकडे उद्या. डॉक्टर म्हणाले, लस तर लगेच देतोच, पण हे इंजेक्शनही आजच गेलं पाहिजे, जितकं लवकर तितकं बरं.

प्रशांत पांढरा पडला. आबांनी खिशातून मोबाईल काढून धुळ्याला लावला.

"जावईबापू, औषधांच्या लाईनमध्ये आहात ना? मग आज दाखवा."

बाळ जन्मलं. मुलगी. पुसून, गुंडाळून तिला लगेच लस दिली. त्यानंतर काही तासांनी दवाखान्याच्या दारात गाडी थांबली आणि धुळ्याचे जावई बर्फाचा डबा छातीशी धरून उतरले. डोक्यावर क्रिकेटची टोपी. आबांनी त्यांना मिठी मारली. त्या गृहस्थाला अशी वागणूक सासऱ्याच्या दुकानात कधी मिळाली नसावी. ते पुढे अर्धा तास सगळ्यांना रस्त्यातल्या खड्ड्यांचं वर्णन सांगत बसले आणि आम्ही ते आदराने ऐकलं.

"दोन्ही दिल्या?" आबांनी नर्सबाईंना विचारलं.

"दिल्या."

"दोन मांड्यांत दोन?"

"हो आबा."

"नक्की?"

"आबा, एक तुम्हाला पण देऊ का?"

आबा बाकावर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना बिनटोपीचं पाहिलं नव्हतं. डोक्यावर एक केस नव्हता. मी अक्कांकडे पाहिलं.

"माले बी लगीन हुयावर कयनं," अक्का म्हणाल्या.

पुढच्या थंडीत आबा गेले. सकाळी अंघोळीला पाणी तापवलं होतं, ते तसंच निवलं. त्यांच्या दशक्रियेला गिरणा नदीच्या काठी इतकी जोडपी जमली की भटजींना वाटलं सामुदायिक विवाह आहे. एक मितभाषी गृहस्थ श्रद्धांजलीला उभे राहिले आणि पहिल्या अक्षरावरच अडकले. त्यांच्या बायकोने वाक्य पुरं केलं. निमगोरे होते, स्वतंत्र विचारांचे होते, पाण्याची सोय होण्यासारखे होते. निम्म्या जोडप्यांची तिथेही कुरबूर चालली होती. पण आली होती जोडीनेच.

कीर्तीच्या मुलीच्या लसी वेळेवर झाल्या. वर्षाची झाल्यावर तिचं रक्त तपासायला दिलं. निकाल ऐकायला सगळे दवाखान्यात जमले. कीर्ती, प्रशांत, सासूबाई, नाना. त्याच दिवशी अक्कांचीही तपासणी होती. आता त्या साखरेच्या नावाने नाही, आपल्याच आजाराच्या नावाने येत आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडत. त्यांना आणलं मी, कारण गाडी माझीच.

पोरगी बाकाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. पडत होती, पुन्हा उठत होती. तिच्या सासरच्या, म्हणजे अजून न ठरलेल्या सासरच्या, माणसांवर दया यावी असा आवाज होता.

डॉक्टर बाहेर आले. "बाळाच्या रक्तात काही नाही. लस चांगली लागू पडलीय. सुटली."

कीर्तीने मुलीला उचलून घट्ट धरलं, आणि मुलीने लगेच खाली सोडण्यासाठी आरडाओरडा केला. प्रशांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आज आबा पाह्यजे व्हते."

"ऱ्हातात ते आठेच, दवाखानामाच, इनं स्थळ देखी ठेवतात," अक्का म्हणाल्या. सगळे हसले. नानाही हसले.

तेवढ्यात आतून तपासणीसाठी नाव पुकारलं गेलं. अक्कांचं पूर्ण नाव. आधी त्यांचं, शेवटी आडनाव आणि मध्ये, बायकांच्या नावात असतं तसं, नवऱ्याचं. आबांचं खरं नाव आमच्यापैकी कोणीच कधी तोंडाने घेतलं नव्हतं. आता एका अनोळखी मुलीने ते मोठ्याने, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं घेतलं.

आम्ही सगळ्यांनी एकदम बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

दारात कोणी नव्हतं. अक्का पदर खोचत उठल्या, "उनू व माय, उनू" म्हणाल्या आणि आत गेल्या.